रक्तवाहिन्या रोखणारी प्रथिनं गाठ मारत नाहीत, मग ती द्यायची कशाला?

कळव्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वडील ६४ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात तीन ठिकाणी पसरलेला. केमोची पहिली सायकल झाली. दुसरीपासून डॉक्टर बेव्हासिझुमॅब नावाचं औषध जोडणार आहेत. ‘नवीन रक्तवाहिन्या होऊ न देणारं प्रथिन’ एवढंच घरच्यांना कळलंय. त्यावरून चार शंका निघाल्या. गाठीचं रक्तच तोडलं तर ती उपाशी मरेल, मग वर केमो कशाला? उंदरांच्या गाठी नाहीशा करणारं एंडोस्टॅटिन नावाचं प्रथिन निघालं होतं म्हणतात, ते का देत नाहीत? मामांनी शार्कच्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, कॅप्सूल आणून ठेवल्यात, त्या द्यायच्या का? आणि आईला मधुमेहामुळे डोळ्यात जे इंजेक्शन मिळतं त्याच्या कागदावर हेच कॅन्सरच्या औषधाचं नाव दिसलं, ती चूक तर नाही ना?

मी ठाण्यात २२ वर्षं कॅन्सरची औषधोपचार तज्ज्ञ म्हणून काम करते. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात बाकीच्यांची किल्ली आहे.

चूक नाही. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याच्या बारीक केशवाहिन्या खराब होतात, तिथल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि त्या एक रासायनिक हाक मारतात: ‘इकडे नवीन वाहिन्या पाठवा.’ त्या हाकेचं नाव व्हीईजीएफ. हेही एक प्रथिनच. वाहिन्या येतात, पण घाईघाईत झालेल्या, कच्च्या, पाझरणाऱ्या. पडदा सुजतो, कधी रक्त उतरतं, दिसायचं कमी होतं. बेव्हासिझुमॅब ही एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी आहे. ती व्हीईजीएफला पकडून ठेवते, त्यामुळे हाक पोचतच नाही. हे औषध मुळात कॅन्सरसाठी आलं. २००५ पासून डोळ्यांचे डॉक्टर त्याचा अगदी बारीक डोस डोळ्यात देऊ लागले आणि आज जगभर देतात. आईंना मिळतो तो डोस १.२५ मिलिग्रॅम. वडिलांचं वजन ६० किलो धरलं, तर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्यांना दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम शिरेतून जाईल. म्हणजे आईंच्या २४० पट. नाव एक असलं तरी आईंनी वडिलांच्या दुष्परिणामांची यादी वाचून घाबरू नये.

आता गाठीकडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युडा फोकमन हा तरुण सर्जन अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत रक्ताला पर्याय शोधायच्या कामावर होता. सशाची थायरॉईड ग्रंथी काचेच्या भांड्यात कृत्रिम द्रवावर जिवंत ठेवायची आणि तिच्यात कॅन्सरच्या पेशी टोचायच्या, असा प्रयोग चालला होता. गाठी वाढायच्या आणि एक-दोन मिलिमीटरवर थांबायच्या. मरायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. त्याच पेशी जिवंत प्राण्यात टोचल्या की भराभरा फुगायच्या. फरक एवढाच, की भांड्यातल्या ग्रंथीत नवीन रक्तवाहिन्या येऊ शकत नव्हत्या. १९७१ साली फोकमनने मांडलं की प्रत्येक घट्ट गाठीला वाढायला स्वतःच्या वाहिन्या ओढून आणाव्या लागतात, आणि त्या आणू दिल्या नाहीत तर तिला छोटी ठेवता येईल. त्या काळी बहुतेकांनी मान हलवली. सर्जनने पोटं फाडावीत, जीवशास्त्र सांगू नये, असा एकूण सूर.

त्यामागचं गणित सरळ आहे. प्राणवायू केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागापर्यंतच झिरपतो. त्यापलीकडची पेशी गुदमरते. आपल्याकडे एखादी चाळ रातोरात उभी राहते, आठ-दहा खोल्या होईपर्यंत शेजारच्या नळावर भागतं, आणि मग कुणीतरी मुख्य जलवाहिनीला भोक पाडून स्वतःची लाईन ओढतो. गाठ तेच करते. गुदमरलेली पेशी आतला एक स्विच दाबते आणि व्हीईजीएफ सोडू लागते. पेशीला प्राणवायू कमी पडल्याचं कळतं कसं, याच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. व्हीईजीएफ मात्र दोनदा सापडलं. १९८३ मध्ये हॅरल्ड ड्वोरॅकच्या गटाला ते वाहिन्या पाझरवणारा पदार्थ म्हणून दिसलं. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी ते वाहिन्या वाढवणारं प्रथिन म्हणून वेगळं काढलं. मग कळलं की दोन्ही एकच. गाठीच्या वाहिन्या गळक्या का असतात, याचं अर्धं उत्तर त्या दोन शोधांतच होतं.

इथपर्यंत झाली हाक. तुम्ही विचारलेलं एंडोस्टॅटिन हे दुसऱ्या बाजूचं, ब्रेकच्या बाजूचं प्रथिन. शरीरात दोन्ही असतात. जखम भरताना, पाळी येऊन गेल्यावर, गरोदरपणात वाहिन्या वाढतात आणि काम झालं की थांबतात. थांबवणारी प्रथिनं नसती तर आपण वाहिन्यांचं जाळंच झालो असतो. यातलं थ्रॉम्बोस्पाँडिन १९९० च्या सुमारास ओळखलं गेलं. पण खरी गोष्ट अँजिओस्टॅटिनची आहे, आणि ती मला सांगायचीच आहे, कारण तिचा आपल्या घराघरातल्या एका समजुतीशी संबंध आहे.

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो.’ ‘हवा लागली की भडकतो.’ माझ्या ओपीडीत असा एक दिवस जात नाही की हे वाक्य ऐकू येत नाही. घोडबंदरच्या टॉवरमधले इंजिनिअरही म्हणतात आणि शहापूरहून आलेल्या आजीही म्हणतात. बायोप्सीची सुई नको म्हणून तीन-तीन महिने घालवणारे लोक मी पाहिलेत. बहुतेक वेळा खरं कारण साधं असतं. ऑपरेशन झालं तेव्हा रोग आधीच पसरलेला होता, तो नंतर दिसला, आणि दोष चाकूवर गेला. पण जुन्या सर्जनांनीही एक गोष्ट टिपून ठेवली होती. क्वचित असं व्हायचं की मूळ गाठ काढल्यावर दूरच्या, तोवर न दिसलेल्या गाठी अचानक मोठ्या व्हायच्या.

फोकमनच्या प्रयोगशाळेत मायकल ओ’रायली या संशोधकाने हेच उंदरांत धरलं. फुप्फुसाच्या कॅन्सरची एक विशिष्ट जात घेतली. उंदराच्या कातडीखालची मूळ गाठ जागेवर असेल तर फुप्फुसातल्या गाठी टाचणीच्या डोक्याएवढ्याच राहायच्या, त्यांच्यात वाहिन्या शिरायच्या नाहीत. मूळ गाठ काढली की थोड्याच दिवसांत फुप्फुसं भरून जायची. म्हणजे मोठी गाठ रक्तात असं काहीतरी सोडत होती जे लहानग्यांना दाबून ठेवत होतं. ते काय, हे शोधायला त्याने उंदरांची लघवी गोळा केली, कित्येक लिटर, कारण तो पदार्थ लघवीत उतरत होता. १९९४ मध्ये तो सापडला: प्लाझ्मिनोजेन या आपल्या रक्तातल्या नेहमीच्या प्रथिनाचा एक तुटलेला तुकडा. अँजिओस्टॅटिन. तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच रीतीने एंडोस्टॅटिन मिळालं. तो अठराव्या प्रकारच्या कोलॅजेनचा शेवटचा तुकडा. कोलॅजेन म्हणजे आपल्या वाहिन्यांच्या भिंतीखालचं सिमेंट. भिंत बांधणाऱ्या प्रथिनाच्याच पोटात ‘आता बास’ म्हणणारा तुकडा दडलेला असावा, ही रचना मला अजूनही थक्क करते. या कोलॅजेनचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना त्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, त्यांच्या रक्तात एंडोस्टॅटिन जास्त असतं, आणि त्यांच्यात घट्ट गाठींचे कॅन्सर इतरांपेक्षा कमी दिसतात. कारण एवढंच असेल असं नाही, त्या गुणसूत्रावर वाहिन्या रोखणारी आणखीही जनुकं आहेत.

मग उंदरांचा तो प्रयोग चाकूची भीती खरी ठरवतो का? नाही. तो एका जातीच्या गाठीचा, एका जातीच्या उंदरातला प्रकार होता. आतड्याची गाठ आणि यकृतातल्या गाठी दोन्ही काढता आल्या तर त्यातून बरे झालेले, दहा वर्षांनी वार्षिक तपासणीला येऊन ‘डॉक्टर, पेढे’ म्हणणारे रुग्ण माझ्याकडे आहेत. मूळ गाठ ‘ब्रेक’ म्हणून आत ठेवा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तिने सोडलेल्या ब्रेकपेक्षा तिने सोडलेल्या पेशी जास्त महागात पडतात.

एंडोस्टॅटिनने उंदरांत खरोखर चमत्कार केला होता. गाठ आकसायची, औषध थांबवलं की वाढायची, पुन्हा दिलं की पुन्हा आकसायची, आणि केमोला येतो तसा प्रतिकार येत नव्हता. मे १९९८ मध्ये एका मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्राने पहिल्या पानावर बातमी दिली आणि हे प्रथिन बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर एका दिवसात कुठच्या कुठे गेला. मी तेव्हा एमडी करत होते. आमच्या वॉर्डातले नातेवाईक कात्रण घडी करून खिशात घेऊन यायचे. ‘हे मागवता येईल का? घर विकतो.’ काय सांगणार? फोकमन स्वतः सगळ्यांना हेच सांगत होते की हे अजून उंदरांतलं आहे.

माणसांत १९९९ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. औषध निरुपद्रवी निघालं, आणि जवळजवळ निष्प्रभही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत न्यूरोएंडोक्राईन, म्हणजे संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींच्या, गाठींच्या सुमारे ४० रुग्णांत एकाचीही गाठ निकषात बसेल इतकी आकसली नाही. कारणं अनेक. रक्तात ते फार वेळ टिकत नाही, बनवायला किचकट आहे, साठवताना त्याची घडी मोडते. आणि मला सर्वांत पटणारं कारण असं: प्रयोगशाळेतल्या उंदराच्या कातडीखालची गाठ दोन-तीन आठवड्यांत उभी राहते, तिच्या सगळ्या वाहिन्या कोवळ्या असतात. माणसाची गाठ पाच-दहा वर्षं वाढलेली असते. तिच्या निम्म्या वाहिन्या जुन्या, भक्कम, स्नायूचं वेष्टन चढलेल्या. ‘नवीन बांधू नका’ हा आदेश जुन्या इमारतीला लागू होत नाही. चीनमध्ये एंडोस्टॅटिनचं एक सुधारलेलं रूप २००५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी, केमोच्या जोडीने, मंजूर झालं आणि तिथे वापरातही आहे. आपल्याकडे वडिलांच्या आजारासाठी त्याच्या मागे लागण्याचं काही कारण मला दिसत नाही.

पुढे ब्रेक वाढवण्यापेक्षा हाक बंद करण्याची वाट जास्त चालली. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत बेव्हासिझुमॅबला परवानगी मिळाली, आणि ती नेमकी पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. ८१३ रुग्णांची चाचणी होती. नुसत्या केमोवर निम्मे रुग्ण १५.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले. औषध जोडल्यावर हा आकडा २०.३ महिने झाला. पावणेपाच महिन्यांचा फरक. त्या काळच्या मानाने मोठा. पण ती केमो आज कुणी देत नाही. पुढे आजच्या ऑक्झॅलिप्लॅटिनच्या केमोबरोबर १४०० रुग्णांत तपासलं तेव्हा रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून ९.४ वर गेला आणि एकूण आयुष्यातला फरक इतका लहान निघाला की तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईना. हे आकडे मी रुग्णाच्या मुलांना सांगते. काही डॉक्टर सांगत नाहीत, आणि मग ‘टार्गेटेड थेरपी’ या शब्दाने घरात भलत्याच आशा बसतात. हेही सांगते की हे आकडे गर्दीचे आहेत. एखाद्याला काहीच मिळत नाही, एखाद्याला दोन वर्षं मिळतात, आणि कुणाला मिळतील हे आधी ओळखणारी भरवशाची तपासणी अजून नाही.

तर तुमचा पहिला प्रश्न. उपाशी ठेवून गाठ मरत का नाही, आणि केमो कशाला?

एक तर, एक नळ बंद केला की ती दुसरे शोधते. व्हीईजीएफ नाही तर वाहिन्या वाढवणारी दुसरी प्रथिनं. यकृतात तर ती आणखी चलाख वागते. नवीन वाहिन्या बांधायच्या भानगडीत न पडता यकृताच्याच तयार वाहिन्यांना लपेटून, यकृताच्या पेशींची जागा घेत सरकते. २०१६ मध्ये यकृतात पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरचे नमुने तपासून हे दाखवलं गेलं. अशा रीतीने वाढणाऱ्या गाठींवर बेव्हासिझुमॅबचा परिणाम कमी दिसला. जी वाहिनी नवी नाहीच, ती रोखणार काय?

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते सांगणारा माणूस आपल्याकडचा. आयआयटी कानपूरमधून केमिकल इंजिनिअर झालेले राकेश जैन पुढे बोस्टनला गेले आणि गाठीकडे त्यांनी इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं: पाईप, दाब, गळती. गाठीच्या वाहिन्या वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे आंधळ्या, आणि सगळीकडे पाझरणाऱ्या. पाझरून पाझरून गाठीच्या आतला दाब इतका वाढतो की शिरेतून दिलेली केमो आत शिरतच नाही. शिवाय प्राणवायू नसलेल्या पेशींवर रेडिएशनही नीट चालत नाही. २००१ मध्ये त्यांनी उलटाच मुद्दा मांडला: व्हीईजीएफ थोडं आवरलं तर वाहिन्या आधी बंद होत नाहीत, त्या सुधारतात. फालतू फांद्या गळतात, गळती थांबते, दाब उतरतो, आणि काही दिवस केमोला आत जायला बरा रस्ता मिळतो. २००४ मध्ये मलाशयाच्या कॅन्सरच्या ६ रुग्णांत बेव्हासिझुमॅबच्या एकाच डोसनंतर गाठीतला दाब खरोखर उतरलेला मोजला गेला. चाळीच्या लाईनचं उदाहरण इथे उलटं फिरतं. आपण पाणी तोडायला निघालो आणि हाती आलं ते लिकेज काढणं.

म्हणून हे औषध वडिलांच्या बाबतीत केमोबरोबरच द्यायचं. एकट्याने ते आतड्याच्या कॅन्सरमध्ये फारसं काही करत नाही. यकृताच्या स्वतःच्या कॅन्सरमध्ये हेच औषध आता इम्युनोथेरपीशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणाऱ्या औषधाशी, जोडलं आहे. २०२० च्या चाचणीत अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब मिळालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण वर्षभराने हयात होते, जुन्या गोळीवर ५५ टक्के. तो आजार वेगळा, तुमचा नाही, तेवढी गल्लत करू नका. माझ्याकडे लोक यूट्यूब पाहून नेमकी हीच गल्लत करून येतात.

जिथे ते चाललं नाही त्या जागाही ऐकून ठेवा. ऑपरेशननंतर, गाठ शिल्लक नसताना, पुन्हा उगवू नये म्हणून द्यावं असं सगळ्यांना वाटलं होतं. कागदावर तर हीच सर्वांत योग्य वेळ: उरलेल्या पेशी टाचणीहून लहान, वाहिन्या अजून यायच्या. २०११ आणि २०१२ मध्ये निकाल आले. फायदा नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २००८ मध्ये मिळालेली परवानगी २०११ मध्ये काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचं दिसेना. आणि जिथे चाललं तिथे एक गंमत अशी, की रोग वाढल्यावर केमो बदलायची पण हे औषध चालू ठेवायचं, असं केल्याने थोडा फायदा होतो. २०१३ च्या चाचणीत आयुष्याचे ९.८ महिन्यांचे ११.२ झाले. तेव्हा पुढे कधी डॉक्टर म्हणाले की केमो बदलतोय पण हे चालूच ठेवू, तर त्यांना काही कळत नाही असं समजू नका.

डॉक्टरांना एक गोष्ट मात्र जरूर विचारा: पेशीला वाढीचा आदेश पोचवणाऱ्या रास जनुकाची तपासणी झाली आहे का, आणि गाठ आतड्याच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या? डावीकडची गाठ असेल आणि रासमध्ये बदल नसेल तर सेटुक्सिमॅबसारखं वेगळ्या जातीचं प्रतिपिंड आधी द्यावं असा विचार होतो. कदाचित त्यांनी तो केलाही असेल. दुसरं मत हवं असेल तर कळव्याहून खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं केंद्र, परळपेक्षा सोयीचं पडेल. फाईल, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्कॅनची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको.

खर्चाबद्दल. मी सुरुवात केली तेव्हा या औषधाच्या एका डोसचा आकडा सांगितला की खोलीत शांतता पसरायची. २०१६ पासून भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, येऊ लागली आणि किंमत बरीच खाली आली. अशी जैविक औषधं बनवणारा एक कारखाना तुमच्या जवळ रबाळ्यालाच आहे. मी स्वतः बायोसिमिलर वापरते आणि मला फरक जाणवलेला नाही. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, डोस झाल्यावर नव्हे. आणि पैसे अगदीच ताणले जाणार असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. केमो पूर्ण आणि वेळेवर होणं हे बेव्हासिझुमॅबपेक्षा मोठं आहे. हे औषध परवडत नाही म्हणून दिलं नाही, तर मुलगा म्हणून तुम्ही काही गुन्हा केला असं होत नाही.

जाता जाता, याच कल्पनेचं एक स्वस्त रूप आपल्या टाटातच तपासलं गेलं. केमोच्या बारीक डोसच्या गोळ्या न थांबता देत राहिल्या की त्या गाठीच्या वाहिन्यांवरही काम करतात असा विचार होता. तोंडाच्या आणि घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या सिस्प्लॅटिनच्या सलाईनशी तोलल्या, ४२२ रुग्णांत. २०२० चा निकाल: गोळ्यांवर निम्मे रुग्ण ७.५ महिन्यांपेक्षा जास्त जगले, सलाईनवर ६.१. वडिलांना याचा उपयोग नाही, पण तंबाखूच्या आपल्या देशात त्या गोळ्यांनी किती जणांच्या मुंबईच्या फेऱ्या वाचवल्या असतील.

आता घरी काय सांभाळायचं. पहिल्या वेळी हे सलाईन दीड तास चालतं, नीट सोसलं तर पुढच्या वेळी तासभर, मग अर्धा तास. केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत, जे होतं ते केमोचं. म्हणून लोक या औषधाला ‘सौम्य’ म्हणतात आणि गाफील राहतात. व्हीईजीएफ शरीराला इतरत्रही लागतं. वाहिन्या सैल ठेवायला, मूत्रपिंडाची चाळणी शाबूत ठेवायला, जखम भरायला. ते अडवलं की बीपी चढतं. पहिल्या चाचणीत शंभरातल्या ११ जणांचं बरंच चढलं, नुसत्या केमोवर २ जणांचं. घरी यंत्र घ्या, सकाळी एकदा मोजा, वहीत लिहा. सलग तीन दिवस वरचा आकडा १४० च्या पुढे गेला तर कळवा, १६० दिसला तर त्याच दिवशी फोन करा. माझ्याकडे तरी हा नियम आहे. प्रत्येक डोसआधी लघवीतलं प्रथिन तपासायचं. २४ तासांत २ ग्रॅम किंवा त्याहून जास्त जात असेल तर औषध थांबवतात. नाकातून थोडं रक्त येणं नेहमीचं, दहा मिनिटं दाबून धरा. काळी शौच, एका बाजूचा अशक्तपणा, छातीत दुखणं हे नेहमीचं नाही.

आणि पोट. अचानक, जोरात पोट दुखलं तर गॅसची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. शंभरात एक-दोन जणांच्या आतड्याला भोक पडतं, त्यात तासांना किंमत असते. रात्री दोन वाजता असलं तरी कॅज्युअल्टी गाठा आणि दारातच सांगा की बेव्हासिझुमॅब चालू आहे. ड्युटीवरच्या पोराला ते आपोआप कळणार नाही.

जखमेचं एक उदाहरण सांगते. माझ्या एका रुग्णाची दाढ दुखत होती. त्यांनी घराजवळच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन ती उपटून टाकली. दात काढणं म्हणजे काय ऑपरेशन थोडंच, असं त्यांना वाटलं. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही, आणि चूक माझीही, कारण पहिल्या दिवशी दिलेल्या लांबलचक सूचनांत मी दाताचा शब्द काढला नव्हता. ती जखम दोन महिने भरली नाही. जबड्याला संसर्ग झाला, केमोच्या दोन सायकल बुडाल्या. तेव्हापासून मी पहिलं वाक्य दातांचंच बोलते. हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे २० दिवस घेतं. म्हणून कुठल्याही ठरलेल्या ऑपरेशनआधी किमान २८ दिवस ते बंद हवं आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत सुरू करायचं नाही. यकृतातल्या तीनच गाठी आहेत म्हणालात. केमोने त्या आकसल्या तर यकृताचे सर्जन काढायला तयार होऊ शकतात, आणि तसं झालं तर तो वडिलांच्या उपचारांतला सर्वांत मोठा टप्पा असेल. तेव्हा आत्ताच, दुसऱ्या सायकलआधी, विचारून ठेवा: ऑपरेशनची शक्यता आहे का, आणि असेल तर बेव्हासिझुमॅबचा शेवटचा डोस कोणता धरायचा? वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख लिहा.

मामांच्या कॅप्सूल राहिल्या. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात हे खरं आहे, आणि १९७० च्या दशकात फोकमनच्याच प्रयोगशाळेत कूर्चेतून वाहिन्या रोखणारा अंश काढलाही होता. तिथून कुणीतरी उडी मारली की शार्कचा सांगाडाच कूर्चेचा, म्हणून शार्कला कॅन्सर होत नाही, म्हणून त्याची पूड खा. शार्कला कॅन्सर होतो, अगदी कूर्चेचासुद्धा. आणि तोंडाने खाल्लेलं प्रथिन जठरात डाळीसारखंच पचतं. ते गाठीपर्यंत प्रथिन म्हणून पोचत नाही. इन्सुलिन गोळीने का देत नाहीत, हे आईंना विचारा, त्या सांगतील. कूर्चेचा शुद्ध केलेला अर्कही फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांत रीतसर तपासला, २०१० मध्ये निकाल छापून आला, आयुष्यात फरक शून्य. मामांना दुखवू नका, त्यांचा जीव वडिलांत अडकलाय. दुकानदार परत घेत असेल तर कॅप्सूल परत करायला सांगा आणि त्या पैशांत बीपीचं यंत्र आणायचं काम त्यांच्याकडेच द्या. दंडाला पट्टा बांधायचं आणा, मनगटाचं नको.